दुर्वाहकांच्या रकान्यातली काच

काच विजेची दुर्वाहक आहे, हे वाक्य मी बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात नोकरी संपेपर्यंत शिकवलं. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे सुवाहक, उजवीकडे दुर्वाहक. डावीकडे तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड. उजवीकडे रबर, सुकं लाकूड, चिनी माती, काच. मुलं उतरवून घेत, परीक्षेत तो प्रश्न येई, गुण मिळत. काच त्या रकान्यात का आहे, असं मी स्वतःला कधी विचारलं नाही. ती तिथं असते, एवढं मला पुरेसं होतं.

त्या वाक्याच्या तळाशी आणखी एक समजूत होती आणि तिची मुळं जास्त खोल गेलेली होती. काचेतून थोडी वीज पाझरत असेलच, तर तो काचेचा गुण नव्हे, तिच्यात मिसळलेल्या घाणीचा दोष, असं मी मानत होतो. काच जितकी शुद्ध तितकी चांगली, आणि भेसळ जेवढी तेवढं नुकसान. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, शिवारानं शिकवलं. येळ्ळूर, वडगाव, शहापूर या पट्ट्यातला बासमती एके काळी शिजताना शेजारच्या गल्लीपर्यंत वास द्यायचा. पोत्यात दुसरा तांदूळ मूठभर मिसळला तर वास थोडा उतरतो, पायलीभर मिसळला तर फार उतरतो. लहानपणापासून हा हिशेब ऐकलेला. तोच हिशेब मी न तपासता पदार्थविज्ञानात घेऊन गेलो, आणि तिथं तो लागू पडतो की नाही हे बघण्याची गरज मला कित्येक वर्षं वाटली नाही.

काचेतली अशुद्धी कोणती, असं कुणी विचारलं असतं तर माझं उत्तर तयार होतं : लोखंड. खिडकीच्या काचेच्या तावाकडे कडेनं पाहिलं की ती हिरवट दिसते, ती वाळूतल्या लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातली सिलिका वाळू पांढरी आणि आमच्या डोंगरातला जांभा तांबडा. लोखंड किती फरक करतं हे मुलांना दाखवायला त्याहून चांगलं उदाहरण नव्हतं. लोखंडाचा अंश हजारात एक इतका असला तरी काचेचा जाड ताव हिरवा दिसतो. आपण स्वदेशी काचेचा इतिहास शिकवतो. १९०८ साली तळेगावला पैसा फंडातून उभा राहिलेला काच कारखाना, १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी सुरू केलेला कारखाना आणि त्यांचा प्रभाकर कंदील. हे शिकवतानाही मी चांगली वाळू, स्वच्छ वाळू, बिनरंगी काच यावरच बोलत असे. डोळ्याला जे दिसतं तीच अशुद्धी आणि डोळ्याला जे स्वच्छ ते शुद्ध, असं मी धरून चाललो होतो.

पहिला तडा खरं तर वर्गातच जायला हवा होता. स्थिर विजेचा धडा आमच्याकडे पावसाळ्यात यायचा. काचेची कांडी रेशमी कापडावर घासायची आणि तिनं कागदाचे कपटे उचलायचे, एवढा साधा प्रयोग. आमच्या पावसाची झड लागली, की तो होत नाही. कांडी घासली तरी कपटे जागचे हलत नाहीत. एका मुलानं विचारलं, ‘सर, काचेतून वीज जात नाही तर मग तिच्यावरचा भार गेला कुठं?’ मी म्हणालो, ‘हवेत. दमट हवा वीज वाहून नेते.’ तो बसला.

उत्तर चूक होतं. दमट हवासुद्धा विजेची चांगली वाहक नसते. भार जातो तो काचेच्या पृष्ठभागावरून, तिच्यावर साचलेल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या पाण्याच्या थरातून. आणि साध्या काचेवर हा थर इतका चांगला वाहक होतो याचं कारण काचेतच आहे. तिच्यातलं सोडियम पृष्ठभागाशी ओलाव्यात उतरतं, ते पाणी क्षारयुक्त होतं आणि भाराला वाट मिळते. जुन्या विद्युतदर्शीत धातूची दांडी धरायला काचेऐवजी गंधक किंवा अंबर वापरत, ते याचसाठी. मला गंधकाची ती गोष्ट पाठ होती. तिचा आणि त्या मुलाच्या प्रश्नाचा संबंध मी जोडला नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ‘ठाऊक नाही, बघू या’ म्हणण्याचं धैर्यही नव्हतं. इतरांच्या उत्तरपत्रिकांत मी असल्या उत्तराला शून्य दिलं असतं.

समजूत खरी मोडली ती निवृत्तीनंतर, उद्यमबागेत. माझा एक जुना विद्यार्थी तिथं छोटं वर्कशॉप चालवतो. हायड्रॉलिकचे सुटे भाग करतो, ब्रेझिंगचं कामही असतं. त्यानं कुठंतरी पाहिलेला एक प्रयोग मला दाखवायचा होता. प्रयोग घरच्या विजेवर होतो आणि जीव घेऊ शकतो, त्यामुळे तो कुणी घरी करू नये, हे आधीच सांगतो. त्यानं काचेच्या कांडीवर बोटभर अंतर सोडून तांब्याच्या तारेचे दोन वेढे घट्ट आवळले होते. ही तार, शंभर वॅटचा बल्ब आणि २३० व्होल्टचा पुरवठा अशी एकापुढे एक जोडणी. म्हणजे वीज बल्बमधून जायची तर काचेतूनच जायला हवी. बटण दाबलं. काही झालं नाही. मी म्हणालो, ‘व्हायचं काय होतं?’

त्यानं टॉर्च पेटवून वेढ्यांमधली काच तापवायला सुरुवात केली. ज्योत पिवळी झाली. काच लाल झाली, मऊ पडू लागली. आणि बल्बची तार मंद लालसर उजळली, मग पिवळी, मग बघवेना इतकी लख्ख.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. आश्चर्य वाटलं नाही. राग आला. काहीतरी लबाडी आहे असं वाटलं आणि ती शोधून काढायची घाई झाली. मी म्हणालो, ‘काच नव्हे रे, ज्योत वाहून नेते आहे. ज्योतीत आयन असतात.’ हे अगदीच खोटं नव्हतं, ज्योत थोडीशी वाहक असते. तो म्हणाला, ‘काढू काय ज्योत?’ मी म्हणालो, ‘काढ.’

त्यानं टॉर्च बाजूला केली. बल्ब तसाच जळत राहिला. वेढ्यांमधली काच स्वतःच्या तेजानं लाल होती. वीज तिच्यातून जात होती, जाताना तिला तापवत होती, आणि तापल्यामुळे ती आणखी वीज जाऊ देत होती. ‘अजून जळायलाय की सर,’ तो म्हणाला. तो मला हरवत नव्हता. त्याला खरंच आनंद झाला होता, आणि मी मात्र पुढची पळवाट शोधत होतो.

ती सापडली. वरच्या घाणीमुळे, असं मी म्हणालो. ज्योतीची काजळी, तांब्याचं ऑक्साइड, हाताचं तेल. काच शुद्ध असती तर असं झालं नसतं. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘मग शुद्ध काच घेऊ की.’ वर्कशॉपच्या कोपऱ्यात बिघडलेला रूम हीटर पडला होता. त्याची पांढुरकी नळी असते ना, ती क्वार्ट्झची, म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिकाची. त्यानं ती काढली, तसेच वेढे आवळले, तशीच ज्योत धरली. नळी लाल झाली. बल्ब अंधारात राहिला. ज्योत कितीतरी वेळ धरली, नळी साधी मऊसुद्धा पडली नाही आणि बल्बची तार उजळली नाही.

मी म्हणालो होतो ते एका अर्थी खरं ठरलं. अशुद्धीमुळेच वीज जात होती. पण ज्या अशुद्धीला मी दोष देत होतो ती कांडीच्या अंगावर बसलेली होती आणि जी वीज नेत होती ती काचेच्या हाडामांसात होती. ती कुणाच्या निष्काळजीपणानं आत गेली नव्हती. काच करणाऱ्यानं ती मोजून, जाणूनबुजून, भट्टीत टाकली होती. मी ते जाणत नव्हतो असंही नाही. वाळू, चुनखडी आणि सोडा यांपासून काच बनते, हे तर आठवीच्या मुलालाही येतं. मीच ते शिकवलेलं. काच कशी बनते हा एक धडा आणि काच दुर्वाहक असते हा दुसरा. मी दोन्ही शिकवले आणि एकाची दुसऱ्याशी कधी गाठ घातली नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी जे वाचायला घेतलं ते मला फार आधी वाचता आलं असतं.

निव्वळ वाळूची काच करायची तर साधारण १७०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं आणि तिथंही ती इतकी घट्ट असते की बुडबुडे निघत नाहीत. म्हणून तिच्यात सोडा घालतात, म्हणजे धुण्याच्या सोड्यातलंच सोडियम कार्बोनेट. सोडियम सिलिकॉन-ऑक्सिजनचं घट्ट जाळं जागोजागी तोडतं, आणि मग काच कारखान्याच्या भट्टीत वितळू शकते, फुंकता येते. बाटलीच्या किंवा खिडकीच्या काचेत वजनानं साधारण १३ ते १५ टक्के सोडियमचं ऑक्साइड असतं. जाळं तोडणारा सोडियमचा आयन स्वतः मात्र कुठंच घट्ट बांधलेला नसतो. पोकळीत बसलेला असतो, आणि उष्णता मिळाली की शेजारच्या पोकळीत उडी मारतो. विद्युतदाब असेल तर या उड्या एका दिशेला जास्त पडतात. काचेतला विद्युतप्रवाह म्हणजे हेच. तांब्यात इलेक्ट्रॉन धावतात. इथं अख्खे अणू सरकतात.

आकडे पाहून मी गप्प झालो. २५० अंशांना साध्या सोडा-चुना काचेची रोधकता सुमारे २५ लाख ओहम-सेंटिमीटर असते. त्याच तापमानाला निव्वळ सिलिकाची तिच्याहून दोन लाखांहून अधिक पट. दोन्ही पारदर्शक, दोन्ही बिनरंगी. हातात दिल्या तर वजनाखेरीज फरक कळणार नाही. आणि ज्या लोखंडावर मी इतका भर देत होतो, त्या खिडकीच्या काचेतल्या किंचित लोखंडाचा विजेवर जवळपास काही परिणाम नसतो. हिरवी कड डोळ्याला खुपते, विजेला ती कळतही नाही. वीज जिच्यावर अवलंबून आहे ती गोष्ट दिसतच नाही.

वारबुर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८४ साली दाखवून दिलं होतं, की तापलेल्या काचेतून सोडियम खरोखर आरपार जातं आणि किती वीज गेली त्या हिशेबातच जातं. त्याहून मला जास्त हलवलं ते १९२५ सालच्या अमेरिकेतल्या रॉबर्ट बर्ट यांच्या प्रयोगानं. त्यांनी विजेचा साधा बल्ब वितळलेल्या सोडियम नायट्रेटमध्ये बुडवला. बल्ब बंद, आत पोकळी, कुठं छिद्र नाही. आतली तार पेटवली आणि बाहेरच्या वितळलेल्या क्षाराला धन ध्रुव केलं. सोडियमचे आयन काचेतून आत सरकत गेले, तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन त्यांना भेटले, आणि बल्बच्या आतल्या थंड भागावर सोडियम धातूचा चकचकीत आरसा जमला. काच पातळ झाली नाही, कारण जितके आयन आत गेले तितके बाहेरून तिच्यात आले. बंद बाटलीत धातू भरण्याचा हा मार्ग आहे, आणि तो ‘दुर्वाहक’ काचेतून जातो. मी हे वाचून त्या दुपारी बराच वेळ दुसरं काही केलं नाही. माझ्या फळ्यावरची ती उभी रेघ दुसऱ्या कुणी काढली नव्हती, मीच काढली होती. निसर्गात ती तशी कुठंच नव्हती. थंड काच आणि गरम काच, सोड्याची काच आणि बिनसोड्याची काच, कोरडी काच आणि पावसातली काच, एवढ्या सगळ्यांना मी एका शब्दात कोंबलं होतं.

मत बदलल्यावर माणूस दुसऱ्या टोकाला जातो. माझंही तसंच झालं. आता मला वाटू लागलं, की अशुद्धीच सगळं ठरवते आणि तिचा कणभर अंश पुरतो. डोक्यात सिलिकॉन होतं. सिलिकॉनच्या स्फटिकात दहा लाख अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू टाकला, तर त्याची रोधकता सुमारे दहा लाख पटींनी खाली येते. सगळी इलेक्ट्रॉनिक्स त्यावर उभी आहे. मग काचेतही तसंच असणार, असं मी धरलं आणि त्या विद्यार्थ्याला मोठ्या उत्साहात सांगूनही टाकलं.

तेही चूक होतं. गंधक, सेलेनियम, टेल्युरियम यांच्या काळ्या काचा असतात, आणि त्या अर्धवाहक असतात, हे लेनिनग्राडमधल्या कोलोमिएत्स आणि गोरिउनोवा यांनी १९५०च्या दशकात दाखवलं. तिथं लोकांच्या लक्षात आलं, की या काचांत परका अणू कणभर टाकला तर काहीच घडत नाही. याचं कारण ब्रिटिश शास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांनी सांगितलं. १९७७चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यातले ते एक. स्फटिकात प्रत्येक जागा ठरलेली असते. चार हात धरणाऱ्या सिलिकॉनच्या जागी पाच हातांचा फॉस्फरस आला, की एक इलेक्ट्रॉन उरतो आणि तो मोकळा फिरतो. काचेत जागा ठरलेल्या नसतात. परका अणू आपल्याला हवे तितके शेजारी गोळा करून घेतो, त्याचे सगळे हात गुंततात, उरत काही नाही. त्यामुळे जर्मेनियम-सेलेनियमच्या काचेत बिस्मथ घालून मुख्य भारवाहक धनऐवजी ऋण करायचे तर दर १०० अणूंत ७ ते १० अणू बिस्मथचे घालावे लागतात. याला भेसळ म्हणायचं की नवीच काच, हे मला सांगता येत नाही. अशा काचांवर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही बरंच काम झालं आहे.

आणि मग १९७५. स्कॉटलंडमधल्या डंडी इथं स्पिअर आणि लेकोंबर यांनी काचेसारखी विस्कळीत रचना असलेल्या सिलिकॉनमध्ये फॉस्फरस आणि बोरॉन घालून ते स्फटिकासारखं वागवून दाखवलं. त्यांना ते जमलं याचं कारण त्यांचा सिलिकॉन सिलेन वायूपासून बनवलेला होता आणि त्यात हायड्रोजन राहून गेला होता, एकदोन कण नव्हे, दहा टक्क्यांच्या आसपास. सिलिकॉनचे जे हात कुठंच न गुंतता लोंबकळत होते, ते या हायड्रोजननं धरले. शुद्ध विस्कळीत सिलिकॉन निरुपयोगी होता, हायड्रोजनची ‘भेसळ’ असलेला कामाचा ठरला. आपल्या टेबलावरचे उन्हावर चालणारे जुने कॅल्क्युलेटर त्यातूनच आले. प्रमाण, जात, जागा, शेजार, तापमान हे सगळं विचारल्याशिवाय ‘अशुद्धी’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही, हे मला इथं पटलं. पण इतक्या उशिरा पटलं, की त्या विद्यार्थ्याला दुसऱ्यांदा दुरुस्त करायला जाताना मला लाज वाटली. तो म्हणाला, ‘असू द्या हो सर, सांगा तुम्ही.’

त्याला ज्या गोष्टीचं सगळ्यात नवल वाटलं ती वेगळीच होती. सोडियमच्या काचेतून वीज जाते. पोटॅशियमच्या काचेतूनही जाते. आता एकूण प्रमाण तेवढंच ठेवून अर्धं सोडियम काढून पोटॅशियम घातलं तर? मी म्हणालो असतो, मधलं काहीतरी होईल. बासमतीचा हिशेब. प्रत्यक्षात वाहकता दोन्हींपेक्षा कितीतरी खाली जाते, कमी तापमानाला हजारो पटींनीही. दोघंही वाहणारे, पण एकत्र आले की एकमेकांची वाट अडवतात. सोडियमनं रिकामी केलेली पोकळी पोटॅशियमच्या मापाची नसते, आणि उलटही तसंच, असं साधारण स्पष्टीकरण देतात. पूर्ण उत्तरावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही.

ही गोष्ट घरोघरी होती आणि मी ती पाहिली नाही. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये दोन काचा असायच्या. बाहेरचा फुगा सोड्याच्या काचेचा, आणि आत तार धरणारा देठ वेगळ्या, शिशाच्या काचेचा, ज्यात सोडियमबरोबर पोटॅशियमही असे. तो देठ तापतो आणि त्यात दोन तारा अगदी जवळून जातात. तिथं साधी काच असती तर सोडियम सरकत राहिलं असतं, तारेभोवतीची काच खराब झाली असती आणि हवा आत शिरली असती. उच्चदाबाच्या वाहिन्यांचंही तसंच. आपल्या नेहमीच्या पुरवठ्यात विजेची दिशा सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, त्यामुळे काचेच्या इन्सुलेटरमधले आयन जागच्या जागी डोलतात. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर जाते तशी ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी असेल, तर दाब वर्षानुवर्षं एकाच बाजूला राहतो. तसल्या वाहिनीवर काचेचे इन्सुलेटर लावायचे तर आयन सहज सरकणार नाहीत अशी जास्त रोधकतेची काच खास तयार करावी लागते. आणि ती करताना अशुद्धी फक्त काढून टाकत नाहीत; कोणती घालायची तेही ठरवतात.

एवढं सगळं वाचल्यावर मला एक साधी गोष्ट सुचली, जी आमच्या भातशेतीच्या गावात आधी सुचायला हवी होती. मातीचा सामू ज्या यंत्रावर मोजतात त्याच्या टोकाला काचेचा पातळ फुगा असतो. उसाच्या रसात चुना घालताना कारखान्यात सामू पाहतात, तोही त्यावरच. १९०६ साली क्रेमर यांनी काचेचा आम्लतेला प्रतिसाद देण्याचा हा गुण टिपला, १९०९ साली हाबर आणि क्लेमेन्सीविच यांनी त्याचा इलेक्ट्रोड केला, आणि १९३४ साली बेकमन यांनी कॅलिफोर्नियातल्या लिंबांच्या रसासाठी त्याचं हाताळता येईल असं यंत्र बनवलं. त्या फुग्याची काच मुद्दाम सोडियमनं भरलेली असे. जुन्या नावाजलेल्या काचेत सोडियमचं ऑक्साइड २२ टक्के होतं. हायड्रोजनचे आयन बाहेरच्या ओल्या थरापुरतेच येतात. काचेच्या आतून भार पोचवायचं काम सोडियम करतं. ते नसतं तर यंत्राला काही कळलंच नसतं. निव्वळ सिलिकाचा फुगा तिथं निरुपयोगी आहे. त्या काचेतही खोट आहे : खारवट, फार क्षारयुक्त द्रावणात ती बाहेरच्या सोडियमलाही प्रतिसाद देते आणि सामू खरा आहे त्याहून कमी दाखवते. त्यावर उपाय म्हणून सोडियम काढून लिथियम घालू लागले.

हे मी त्या मुलाला सांगू शकलो नाही, ज्यानं पावसात विचारलं होतं की भार गेला कुठं. तो आता कुठं आहे मला ठाऊक नाही. दुसऱ्या एखाद्या शाळेत तो स्वतः शिकवत असला आणि माझंच उत्तर देत असला तर, हा विचार मला नीट झोपू देत नाही. म्हणून इथं लिहिलं.

वर्कशॉपमधल्या माझ्या विद्यार्थ्यानं फ्यूज गेलेल्या जुन्या बल्बांचे देठ काढून ठेवले आहेत, आणि त्याच जाडीच्या सोडा काचेच्या कांड्याही. दोन्ही काचा सारख्याच तापवून कुणातून किती वीज जाते हे त्याला स्वतः मोजायचं आहे. अडचण तापमानाची आहे. ज्योतीनं ते दोन्हीकडे सारखं राहत नाही, छोटी भट्टी लागेल. तो म्हणतो, भट्टी मी करतो, आत थर्मोकपल कुठं बसवायचं ते तुम्ही बघा.